बोटीचा अपघात आणि परदेशातली चौकशी
(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात एका निवृत्त चीफ इंजिनिअरांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला बोलावलं ते 'सात समुद्रांच्या सफरी' या विषयावर. फोटो दाखवा, वादळाचे किस्से सांगा, लोकांना आवडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो मोठ्या मनाने दिला. किस्से पुन्हा केव्हातरी.

आपल्या गोव्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात 'मुलगा बोटीवर आहे' हे वाक्य किती घरांत ऐकू येतं ते तुम्हाला माहीत आहे. चवथीला माटोळी बांधायला घरातला एक जण नसतो, आणि आरती चालू असताना कुणीतरी मोबाईल उंच धरून त्याला गणपती दाखवत असतो. अशा घरची मंडळी भेटली की मला विचारतात, पगार किती मिळेल, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, जेवण कसं असतं. पण परक्या मुलुखात बोटीला अपघात झाला तर आमच्या मुलाला कोण धरील, कोण काय विचारील आणि तो घरी केव्हा येईल, हा प्रश्न मला आजवर फारच थोड्यांनी विचारला आहे. त्यावरच आज बोलणार आहे. मी कॅप्टन नव्हे, इंजिन रूममधला माणूस. वकील तर नाहीच. तेव्हा कायद्याची कलमं मोजू नका, कामाची गोष्ट तेवढी घ्या.

आपल्याकडे बोटीचा अपघात म्हटला की जुन्या माणसांना 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तो अपघात आपल्या पाण्यातला, माणसं आपली, चौकशी करणारे आपलेच. आज तुमचा मुलगा ज्या बोटीवर असतो तिची गोष्ट वेगळी. तिचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा, भाड्याने घेणारा तिसऱ्या देशाचा आणि खलाशी चार देशांचे. झेंडा म्हणजे नुसतं कापड नव्हे. बोट ज्या देशात नोंदवलेली असते त्या देशाचा कायदा तिच्या डेकवर चालतो. पनामा हा केवढासा देश, पण जगातल्या हजारो मोठ्या बोटी त्याच्या झेंड्याखाली फिरतात. त्यातल्या कित्येक बोटींवरच्या माणसांनी पनामा कधी पाहिलेलाही नसतो.

उदाहरण घेऊ. 'वाकाशिओ' नावाची मोठी बल्क कॅरिअर होती. मालक जपानी कंपनी, भाड्याने घेणारीही जपानी कंपनी, झेंडा पनामाचा. खलाशी वीस, भारतीय, श्रीलंकन आणि फिलिपिनो मिळून. बोट रिकामी ब्राझीलला निघाली होती. २५ जुलै २०२० च्या संध्याकाळी ती मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळाच्या खडकावर चढली. बारा दिवस तिथेच अडकून राहिली. ६ ऑगस्टला टाकी फुटून इंधनाचं तेल बाहेर येऊ लागलं. एकूण सुमारे हजार टन तेल त्या निळ्या खाडीत पसरलं आणि १५ ऑगस्टला बोटीचे दोन तुकडे झाले. मॉरिशसच्या लोकांनी उसाची चिपाडं भरून तरंगते बांध शिवले आणि हातांनी तेल अडवलं. १८ ऑगस्टला पोलिसांनी कॅप्टनला अटक केली. कॅप्टन भारतीय होता.

इथे एक सांगतो. या प्रकरणांतल्या आपल्या लोकांची नावं त्या वेळी जगभर छापून आली. मी ती घेणार नाही. शिक्षा भोगून किंवा सुटून ती माणसं घरी आली आहेत.

बोट तिकडे गेलीच कशी? भाड्याने घेणाऱ्या जपानी कंपनीनेच डिसेंबर २०२० मध्ये त्याचा खुलासा केला. मूळ ठरलेला मार्ग बेटापासून बावीस सागरी मैल दूर होता. तो बदलून पाच मैलांवर आणला. कशासाठी? मोबाईलची रेंज मिळावी म्हणून! त्यात भर अशी की किनारा आणि पाण्याची खोली नीट दिसेल असा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा त्या भागासाठी बोटीवर नव्हता. होता त्या लहान प्रमाणाच्या नकाशावर भागवलं. पहाऱ्यावरच्यांनी डोळ्यांनीही नीट पाहिलं नाही आणि रडारवरही नाही. ठरवलं होतं पाच मैल, आणि बोट आपटली ती किनाऱ्यापासून एक मैलाच्याही आत, दहा मीटर पाण्यात.

हा निष्काळजीपणा होता आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. मॉरिशसचे कोळी त्या पाण्यावर जगतात. कॅप्टन आणि चीफ ऑफिसर दोघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. डिसेंबर २०२१ मध्ये दोघांना वीस महिन्यांची शिक्षा झाली, पण तोवर सोळा महिने कोठडीत गेलेच होते. तरी मोबाईलची रेंज हा शब्द माझ्या मनातून जात नाही. ते कोविडचे दिवस होते. बंदरांत बोटीवरून उतरू देत नव्हते, बदली माणसं मिळत नव्हती, जगभर लाखो खलाशी मुदत संपूनही बोटीवर अडकले होते. रेंज हवी होती ती घरी फोन लावायला. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला तुमच्याआमच्यासारखीच घरं होती.

आता या एका बोटीमागे किती चौकश्या लागल्या पाहा. मॉरिशसच्या पोलिसांची. मॉरिशस सरकारने एका माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी मंडळाची. झेंड्याचा देश म्हणून पनामाची. मालकाचा देश म्हणून जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाची. शिवाय विमा कंपनीची माणसं, मालकाची माणसं आणि त्यांचे वकील. विशीतल्या पोराला केबिनमध्ये बसवून एकामागून एक माणसं तेच प्रश्न विचारतात. सगळ्यांच्या हातात वही, सगळ्यांचं बोलणं सभ्य. त्याला वाटतं ही एकच चौकशी चालली आहे. तसं नसतं. एकाला हवं असतं अपघाताचं कारण, दुसऱ्याला गुन्हेगार, तिसऱ्याला हवा असतो नुकसान कोणाच्या माथी मारायचं याचा पुरावा. समोरचा माणूस यांपैकी कोण आहे हे आपल्या मुलाला कळलं पाहिजे. माझ्या भाषणात एवढं एकच सांगण्यासारखं आहे, बाकी सगळा त्याचाच विस्तार.

परक्या देशाला आपल्या माणसावर खटला भरता येतो का, हा वाद जुना आहे. १९२६ च्या ऑगस्टमध्ये 'लोटस' नावाची फ्रेंच बोट भर समुद्रात एका तुर्की बोटीवर आदळली आणि आठ तुर्क बुडाले. 'लोटस' इस्तंबूलला लागली तेव्हा तुर्कांनी तिच्या ड्यूटीवरच्या फ्रेंच ऑफिसरला धरून खटला भरला. ऐंशी दिवस कैद आणि बावीस पौंड दंड. शिक्षा ती केवढी, पण फ्रान्स थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तुर्कस्तान जिंकला. जगभरचे नाविक त्यावर इतके नाराज झाले की पुढे करार करून तो निकालच फिरवला गेला. आजच्या सागरी कायद्याप्रमाणे भर समुद्रातल्या टकरीबद्दल फौजदारी खटला बोटीच्या झेंड्याचा देश भरू शकतो किंवा त्या माणसाचा स्वतःचा देश. तिसऱ्या कोणाला तो अधिकार नाही. पण हे भर समुद्रातल्या टकरीपुरतं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत आलात की तुम्ही त्या देशाच्या अंगणात. आणि अपघात बहुतेक अंगणातच होतात, कारण खडक तिथे, गर्दी तिथे, पूलही तिथेच.

पूल म्हटल्यावर 'डाली' आठवली असेल. २६ मार्च २०२४ ची पहाट, अमेरिकेतलं बाल्टिमोर बंदर. जवळजवळ तीनशे मीटर लांबीची, सिंगापूरच्या झेंड्याची कंटेनर बोट. खलाशी एकवीस, त्यातले वीस भारतीय. बंदर सोडून जेमतेम तास झाला असेल नसेल तोच बोटीवरचे दिवे गेले. परत आले, पुन्हा गेले. वीज नाही म्हणजे मोठ्या इंजिनाचे पंप नाहीत, म्हणजे इंजिन नाही आणि सुकाणूलाही बळ नाही. पायलटने नांगर टाकायला सांगितलं, टग मागवले आणि पुलावरची रहदारी थांबवायला कळवलं. पोलिसांनी मिनिटभरात दोन्ही बाजूंच्या गाड्या अडवल्या, म्हणून शेकड्यांनी माणसं वाचली. पुलावर खड्डे बुजवणारे कामगार मात्र तिथेच राहिले. पूल कोसळला आणि सहा कामगार गेले. पोट भरायला परदेशातून आलेली माणसं होती ती, आपल्या खलाश्यांसारखीच.

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर दोन दिवसांत निकाल लागला. भारतीय खलाश्यांवर व्यंगचित्रंही आली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला निकाल द्यायला वीस महिने लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी जे कारण सांगितलं ते ऐकून माझ्यासारख्या म्हाताऱ्या इंजिनिअरच्या अंगावर काटा आला. एक तार. विजेच्या पॅनेलमध्ये शेकडो बारीक तारा असतात, प्रत्येकीच्या टोकाला नंबराची पट्टी गुंडाळलेली. त्या एका तारेची पट्टी नीट जागेवर बसवलेली नव्हती, त्यामुळे तारेचं टोक खाचेत पुरतं आत गेलंच नव्हतं. वरून पाहिलं तर घट्ट, आत सैल. ती निसटली, ब्रेकर पडला, बोट अंधारात गेली. वीज परत आली तेव्हा दुसरी गोष्ट आड आली. जनरेटरला डिझेल पुरवायला अशा पंपाचा वापर चालला होता की जो वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होत नाही. इंधनाचा दाब पडला आणि दुसऱ्यांदा अंधार झाला.

ही चौकशी कशी केली ते मला फार महत्त्वाचं वाटतं. बोटीवर विमानासारखाच ब्लॅक बॉक्स असतो, त्यातलं चालनकक्षातलं बोलणं त्यांनी ऐकलं. वीज जाताच यंत्रांची नोंद थांबली होती, आवाजाची चालू राहिली होती. मग पॅनेल उघडून एकेक तार तपासत गेले. आणि दोष एकट्या बोटीवर ढकलला नाही. बोटी मोठ्या होत गेल्या तरी एवढ्या मोठ्या बोटीची धडक पुलाला झेपेल का हे पुलाच्या मालकांनी तपासलंच नव्हतं, हेही त्याच अहवालात लिहिलं. कारण शोधायला बसलेली चौकशी अशी असते. तिचा अहवाल तिकडे नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. माणसं मोकळेपणाने बोलली तरच सैल तार सापडते, हे त्यांनी ओळखलं आहे.

पण त्याच बोटीवर १५ एप्रिलला एफबीआयची माणसं चढली. ती फौजदारी चौकशी, तिचा या मंडळाशी संबंध नाही. त्यांनी खलाश्यांचे मोबाईल जप्त केले. एका आठवड्यात तुम्ही सुरक्षा मंडळाला मोकळेपणाने सगळं सांगायचं आणि दुसऱ्या आठवड्यात तोंड उघडण्यापूर्वी वकील मागायचा, असा तो पेच. बोटीवर पडलेला पुलाचा सांगाडा १३ मेला सुरुंग लावून उडवला, तेव्हाही ही माणसं बोटीवरच होती. २० मेला बोट सोडवून धक्क्याला आणली. अटक झालेली नाही, पण घरीही जाता येत नाही, अशी ती अवस्था.

यावर काही नियम आहेत का? आहेत. जागतिक सागरी संघटनेची अपघात चौकशीची संहिता १ जानेवारी २०१० पासून बंधनकारक आहे. ती सांगते की सुरक्षेसाठी चाललेली चौकशी दोष ठरवण्यासाठी नसते. खलाश्याचा जबाब लवकरात लवकर घ्यावा आणि त्याला बोटीवर किंवा घरी जाऊ द्यावं. चौकशी कसली आहे हे त्याला आधी सांगावं. आपल्याच तोंडून आपल्यावर आरोप येईल असं काही बोलण्याचं त्याच्यावर बंधन नाही, हेही त्याला कळू द्यावं आणि कायद्याचा सल्ला मिळू द्यावा. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण रात्री तीन वाजता, भिजलेल्या बॉयलर सूटमध्ये, समोर गणवेशातली माणसं असताना हे किती पोरांना आठवेल? कॉलेजात हा धडा अर्ध्या तासात उरकतात.

आता जिथे नियम असून उपयोग झाला नाही असं प्रकरण सांगतो. 'हेबेई स्पिरिट' हे नाव इथे बसलेल्या तारवटींना आठवत असेल. ७ डिसेंबर २००७, दक्षिण कोरियाचा पश्चिम किनारा. हाँगकाँगच्या झेंड्याचा तेलाचा प्रचंड टँकर नांगरून उभा होता. उभा, लक्षात घ्या. खवळलेल्या समुद्रात दोन टग एक क्रेनचा तराफा ओढून नेत होते. तराफा सॅमसंग हेवी इंडस्ट्रीजचा. ओढायची तार तुटली आणि तराफा वाहत येऊन टँकरवर आदळला. तीन टाक्या फुटल्या. दहा हजार टनांहून अधिक कच्चं तेल समुद्रात गेलं. कोरियाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी तेलगळती. दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक फडकी घेऊन किनाऱ्यावरचे दगड पुसायला आले. मासेमारीवर, शिंपल्यांच्या शेतीवर जगणारी गावंच्या गावं बसली. लोकांचा राग किती असेल याची आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला कल्पना येईल.

टँकरचा कॅप्टन आणि चीफ ऑफिसर दोघे भारतीय. खालच्या कोर्टाने जून २००८ मध्ये दोघांना निर्दोष सोडलं. सरकारी वकिलांनी अपील केलं, आणि अपील चालू आहे म्हणून निर्दोष ठरलेल्यांना देश सोडता येईना. त्यांच्यावर ठपका असा होता की तराफा येतोय हे पाहून टकर टाळायला पुरेसं केलं नाही आणि नंतर तेल थांबवायलाही कमी पडले. नांगरलेला, तेलाने भरलेला टँकर म्हणजे रिक्षा नव्हे, रिव्हर्स टाकून बाजूला घ्यायला! डिसेंबर २००८ मध्ये अपिलाच्या कोर्टाने कॅप्टनला दीड वर्षाची आणि चीफ ऑफिसरला आठ महिन्यांची कैद सुनावली आणि दोघांना कोर्टातूनच तुरुंगात नेलं. त्यावर जगभरच्या नाविक संघटना उठल्या, आपल्याकडेही मोर्चे निघाले. जानेवारीत जामीन मिळाला. एप्रिल २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कैदेची शिक्षा रद्द ठरवली, प्रदूषणाबद्दलचा दंड मात्र ठेवला. जूनमध्ये दोघे घरी आले. अपघात झाल्यापासून दीड वर्ष.

दीड वर्ष म्हणजे घरात काय होतं ते मी सांगायला नको. त्या दीड वर्षात मुलगा गुन्हेगार नसतो आणि सुटलेलाही नसतो. शेजारी विचारतात, काय झालं म्हणे? उत्तर काय देणार? कोरियन कोर्ट दुष्ट होतं असं मी म्हणत नाही, वरच्या कोर्टाने अखेर दुरुस्ती केलीच. मी एवढंच म्हणतो की किनाऱ्यावर तेल आणि टीव्हीवर मेलेले पक्षी दिसू लागले की लोकांना कोणीतरी समोर हवा असतो, आणि परका कॅप्टन समोर असतो. कंपनी कुठेतरी दूर असते, झेंड्याचा देश त्याहून दूर.

उलट्या बाजूचं उदाहरण 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'चं. १३ जानेवारी २०१२, इटलीचं जिग्लिओ बेट. किनाऱ्याला सलामी द्यायला कॅप्टनने प्रवासी बोट खडकाजवळून नेली, बोट फाटली, आणि माणसं अजून आत असताना हा गृहस्थ किनाऱ्यावर पोचला. बत्तीस मेले. सोळा वर्षांची शिक्षा झाली आणि ती वरपर्यंत कायम राहिली. तिथे मला कॅप्टनबद्दल काही वाटत नाही. त्या बत्तिसांतला शेवटचा मृतदेह मिळाला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, बोट मोडायला काढल्यावर. तो मुंबईकडचा वेटर होता. त्याच्या घरच्यांनी जवळजवळ तीन वर्षं वाट पाहिली.

आता माझ्या खात्याकडे येतो, इंजिन रूमकडे. इथे अपघात नसतो, इथे लबाडी असते, आणि तरुण इंजिनिअर सर्वांत जास्त अडकतात ते इथेच. इंजिन रूमच्या तळाशी तेलकट पाणी साचतं, त्याला बिल्ज म्हणतात. ते गाळणाऱ्या यंत्रातून काढल्याशिवाय समुद्रात सोडायचं नाही आणि सोडताना त्यात दहा लाख भागांत पंधरा भागांहून जास्त तेल नको, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. यंत्र बिघडतं, फिल्टर महाग असतात, बंदरात पाणी उतरवून द्यायला पैसे पडतात आणि ऑफिसातून खर्चावर मेल येत असतात. मग काही शहाणे यंत्राला वळसा घालून एक पाईप जोडतात आणि रात्री पाणी थेट समुद्रात सोडतात. जगभर त्याला 'मॅजिक पाईप' म्हणतात. नाव गमतीचं आहे, शिक्षा तशी नाही.

ऑईल रेकॉर्ड बुकात मात्र सगळं नियमाप्रमाणे झालं असं लिहायचं. अमेरिकेचे तटरक्षक हेच पुस्तक धरतात. पाणी सोडलं भर समुद्रात, तिथे त्यांचा अधिकार चालत नाही. पण खोटं पुस्तक तुम्ही त्यांच्या बंदरात आणून दाखवलंत, तो गुन्हा त्यांच्या दारात झाला. 'कॅरिबियन प्रिन्सेस' या प्रवासी बोटीवर २०१३ साली नव्याने लागलेल्या एका इंजिनिअरने असा पाईप पाहिला. इंग्लंडच्या बंदरात तो नोकरी सोडून उतरला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवलं. तिकडे वरिष्ठांनी पाईप काढून टाकायला लावला आणि हाताखालच्यांना खोटं बोलायला सांगितलं. २०१६ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि चार कोटी डॉलर दंड भरला. तिथल्या कायद्यात अशी खबर देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम बक्षीस देण्याची मुभा कोर्टाला आहे, त्यामुळे आपल्याच मेसमध्ये जेवणारा कोणीही खबर देऊ शकतो, हे लबाडी करणारे विसरतात.

इन्स्पेक्टर काय बघतो सांगू? तो पुस्तक नंतर उघडतो. आधी बॅटरी घेऊन पाईपच्या जोडांचे नटबोल्ट बघतो. सगळीकडे रंग जुना आणि एकाच जोडाच्या नटांवरचा रंग पान्याने खरवडलेला दिसला, की तो तिथेच खुर्ची मागवतो. आमच्या एका बोटीवर असा इन्स्पेक्टर आला असता एका पोराने, भीतीने, विचारलं नसताना सांगितलं, 'साहेब, तिथे काही नाही.' जोड खरोखरच निर्दोष होता, गळती होती म्हणून उघडला होता आणि लॉगमध्ये तशी नोंदही होती. तरी ते एक वाक्य निस्तरायला आम्हाला दोन दिवस लागले.

तेव्हा चीफ किंवा सेकंड म्हणाला 'लिही रे, सगळे लिहितात', तर पोराने काय करायचं? सही करायची नाही. एवढं सोपं ते नाही, मला माहीत आहे. वरिष्ठाचा शेरा वाईट आला की पुढचं कॉन्ट्रॅक्ट जातं, घरावर कर्ज असतं. पण चौकशी आली की वरिष्ठ म्हणतो 'सही याची आहे', आणि सही खरंच याची असते. पाणी सोडण्यापेक्षा खोटं लिहिणं आणि खोटं बोलायला लावणं यांतच माणसं तुरुंगात गेली आहेत. मोबाईलमधले मेसेज पुसणं हेही त्यातच आलं. पुरावा नष्ट केला, असं त्याला नाव मिळतं.

अपघात झालाच तर मुलाने काय करावं हे मी माझ्या पुतण्याला सांगितलं तेच सांगतो. पहिल्यांदा समोरच्याला शांतपणे विचारायचं, साहेब, आपण कुठल्या खात्याचे आणि माझं म्हणणं कशासाठी घेताय? यात उद्धटपणा काही नाही, नियमानेच तो हक्क आहे. जे पाहिलं ते सांगायचं, जे वाटलं ते सांगायचं नाही. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नको, दुभाषा मागायचा. आणि कंपनीने वकील दिला तर आभार मानायचे, पण तो वकील कोणाचा आहे हे विचारून घ्यायचं. तो बहुतेक वेळा कंपनीचा आणि तिच्या विम्याचा असतो. कंपनीचं हित आणि तुमच्या मुलाचं हित एक असेल तोवर ठीक. दोन वाटा फुटल्या की त्याला स्वतःचा वकील हवा, आणि तो मिळवून द्यायला नाविकांच्या युनियन असतात. वर्गणी जड वाटते म्हणून सभासदत्व सोडणारे मी पाहिलेत. अपघातात हेच लोक धावून येतात. हेबेईच्या वेळी कोण धावलं ते सांगितलंच.

घरच्यांनी करायचं ते त्याहून सोपं. बोटीवर पाठवणारा एजंट नौवहन महासंचालनालयाचा परवानाधारक आहे का, त्याचा नंबर काय, हे जाण्याआधी पाहा. परवाना नसलेल्या एजंटामार्फत गेलेल्या मुलाचं नाव अडचणीच्या वेळी कोणाच्याच यादीत सापडत नाही. पासपोर्ट, सीडीसी, कॉन्ट्रॅक्ट यांच्या प्रती घरात ठेवा. बोटीचं नाव, तिचा आयएमओ नंबर आणि झेंडा लिहून ठेवा. आईला बोटीचं नाव माहीत असतं, झेंडा नसतो, आणि आता तुम्हाला कळलं असेल की झेंडा का लागतो. बातमी आली तर टीव्हीवाल्यांना मुलाचा फोटो देऊ नका आणि त्याने पाठवलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका. तो उद्या कुठल्या कोर्टात दाखवला जाईल सांगता येत नाही.

आणि एक, अगदी बारीक. डालीवरच्या मुलांचे मोबाईल नेले तेव्हा त्यांच्या घरच्यांचे नंबर त्यात होते, बँकाही त्यात होत्या. दुसरे फोन मिळाले तेव्हा बोलायचं कोणाशी आणि नंबर काय, असा घोळ झाला. घरच्यांचे नंबर आजकाल कोणाला पाठ असतात? म्हणून मुलगा या वेळी निघाला की एका छोट्या डायरीत शाईने दहा नंबर लिहून द्या. आईचा, बाबांचा, बायकोचा, युनियनचा, एजंटचा, त्या त्या देशातल्या आपल्या वकिलातीचा. डायरी पासपोर्टबरोबर ठेवायला सांगा.

मी बराच वेळ घेतला. चहा तयार आहे असं मागून खुणावताहेत. ज्यांची मुलं सध्या बोटीवर आहेत त्यांनी चहानंतर जरा थांबावं, एजंटचा परवाना कसा तपासायचा ते मी माझ्या फोनवर दाखवतो.